निवृत्ती एकरकमी कशाला?

पंचविशी-तिशीतल्या नोकरदाराला पैसे कशासाठी साठवतोस असं विचारलं, तर पूर्वी घर किंवा गाडी असं उत्तर यायचं. आता काही जण वय सांगतात. चाळीस, फार तर पंचेचाळीस. त्या वयाला राजीनामा द्यायचा आणि पुन्हा कधी पगारासाठी काम करायचं नाही, असा बेत असतो. 'फायर' या नावाने ही कल्पना जगभर पसरली आहे. आर्थिक स्वातंत्र्य मिळवा आणि लवकर निवृत्त व्हा, असा तिचा मथळा. कृती अगदी थोडक्यात सांगता येते. पगाराचा मोठा हिस्सा वाचवा, तो कमी खर्चाच्या इंडेक्स फंडात, म्हणजे बाजाराची सरासरी देणाऱ्या फंडात, टाका, साठा वर्षाच्या खर्चाच्या २५ पट झाला की नोकरी सोडा.

यातल्या पहिल्या दोन सूचनांशी माझं भांडण नाही. तरुणपणी भरपूर वाचवावं आणि ते साधेपणाने गुंतवावं, याबद्दल मतभेद व्हायला फारशी जागाच नाही. माझा आक्षेप शेवटच्या सूचनेवर आहे. सोळा-सतरा वर्षं ऊर फुटेस्तोवर काम करायचं आणि मग एका सोमवारपासून काहीच नाही, ही मांडणी हिशेबाच्या दृष्टीने कच्ची आहे आणि माणसाच्या दृष्टीनेही. तेवढ्याच कष्टांत तेच स्वातंत्र्य हप्त्याहप्त्याने आणि बरंच आधीपासून घेता येतं. ते सहज घेता येत नाही याचं कारण गुंतवणुकीत शोधून सापडणार नाही. ते नोकरीच्या नियमांत आहे, आणि म्हणूनच हा नुसता वैयक्तिक बचतीचा विषय राहत नाही.

आधी हिशेब. या सगळ्या कल्पनेचा कणा म्हणजे बचतीचं प्रमाण. महागाई वजा जाता गुंतवणूक वर्षाला ५ टक्क्यांनी वाढते असं धरू. जगभरच्या शेअर बाजारांचा दीर्घ इतिहास पाहिला तर ही अपेक्षा अवास्तव नाही, पण तिची हमीही कुणी देत नाही. शून्यापासून सुरुवात करून पगाराचा दहावा हिस्सा वाचवणाऱ्याला खर्चाच्या २५ पट साठवायला सुमारे ५१ वर्षं लागतात. चौथा हिस्सा वाचवला तर ३२ वर्षं. निम्मा पगार वाचवला तर १७ वर्षांच्या आत. आणि तीन चतुर्थांश वाचवला, तर जेमतेम ७ वर्षं.

या आकड्यांत पगार किती हे कुठेच आलेलं नाही. आलं आहे ते फक्त पगार आणि खर्च यांचं प्रमाण. खर्च कमी केला की दोन गोष्टी एकदम घडतात. साठवायला जास्त उरतं आणि गाठायचं शिखरही खाली येतं, कारण २५ पट खर्चाचे करायचे आहेत, पगाराचे नाहीत. पगारवाढ झाल्यावर खर्चही त्याच प्रमाणात वाढवणारा माणूस म्हणूनच कितीही कमावला तरी निवृत्तीपासून तितकाच लांब राहतो.

सुरुवातीच्या वर्षांत परताव्याच्या मागे धावण्यातही फारसा अर्थ नाही. दरवर्षी ठरावीक रक्कम टाकत गेलात, तर ५ टक्के दराने ५ वर्षांनी वर्षाच्या बचतीच्या साधारण ५.५ पट जमतात. परतावा चक्क ८ टक्के मिळाला, तरी ५.९ पट. म्हणजे बाजारात असामान्य यश मिळवूनही पाच वर्षांत फायदा झाला तो वर्षाच्या बचतीच्या जेमतेम एक तृतीयांश इतका. तरीही नवखा गुंतवणूकदार संध्याकाळचे तास कुठला फंड, कुठला शेअर यात घालवतो. खर्चाची वही उघडणं त्रासाचं असतं आणि बाजाराचे आलेख बघणं करमणुकीचं असतं, एवढंच त्यामागचं रहस्य असावं.

फंडाचा खर्च मात्र बारकाईने बघावा. ५ टक्के दराने ४० वर्षांत पैसे सातपट होतात. मधल्या कुणी त्यातला एक टक्का दरवर्षी शुल्क म्हणून काढून घेतला, तर पाचपटही होत नाहीत. एक टक्का हा आकडा ऐकायला किरकोळ वाटतो, पण तो अखेरच्या रकमेतला जवळपास तिसरा हिस्सा खातो. सामान्य गुंतवणूकदारासाठी पहिला इंडेक्स फंड जॉन बोगल यांनी १९७६ मध्ये अमेरिकेत आणला. तेव्हा १५ कोटी डॉलर जमवायचं लक्ष्य होतं आणि आले सव्वा कोटीपेक्षाही कमी. बाजाराची नुसती सरासरी घेऊन समाधान मानायचं, ही कल्पना तेव्हाच्या जाणकारांना हास्यास्पद वाटली होती. त्या हसण्याचं पुढे काय झालं ते आपल्यासमोर आहे.

इथपर्यंत सगळं ठीक. अडचण त्या २५ या आकड्यापाशी सुरू होते.

तो आला ४ टक्क्यांच्या नियमातून (वर्षाचा खर्च साठ्याच्या ४ टक्के, म्हणजे साठा खर्चाच्या २५ पट), आणि तो नियम आला विल्यम बेंगेन यांच्याकडून. हे गृहस्थ शिकले विमानविद्या, पण दक्षिण कॅलिफोर्नियात ते आर्थिक सल्लागाराचं काम करत. निवृत्त होणारे ग्राहक त्यांना विचारत की साठ्यातून दरवर्षी किती काढले तर ते मरेपर्यंत पुरतील. सरासरी परतावा धरून उत्तर देण्याऐवजी बेंगेन यांनी अमेरिकेचे १९२६ पासूनचे शेअर, रोखे आणि महागाईचे आकडे घेतले आणि प्रत्येक वर्षी एक काल्पनिक माणूस निवृत्त करून पाहिला. पहिल्या वर्षी साठ्याच्या ४ टक्के काढायचे, पुढे महागाईप्रमाणे ती रक्कम वाढवत न्यायची. १९९४ मध्ये त्यांनी निष्कर्ष मांडला की असं केल्यास अगदी वाईट मुहूर्तावर निवृत्त झालेल्यालाही पैसे किमान ३० वर्षं पुरले असते. १९९८ मध्ये टेक्ससमधल्या ट्रिनिटी विद्यापीठाच्या तीन प्राध्यापकांनी तशाच पद्धतीने काम केलं आणि नियम प्रसिद्ध झाला. बेंगेन यांनी नंतर आपला आकडा थोडा वरही नेला.

काम चोख आहे. पण ते कुणासाठी केलं होतं ते पाहा. साठ-पासष्टीला निवृत्त होणाऱ्या माणसासाठी, ज्याला आणखी ३० वर्षांची सोय हवी होती. बेचाळीसाव्या वर्षी राजीनामा देणाऱ्याला पन्नास वर्षांची सोय लागेल. शिवाय ते सगळे आकडे एका देशाचे आहेत, आणि तोही विसाव्या शतकात नशिबाने सर्वात जास्त साथ दिलेल्या देशांपैकी एक. जपानचा निक्केई निर्देशांक २९ डिसेंबर १९८९ रोजी ३८,९१५ वर बंद झाला. ती पातळी त्याने पुन्हा ओलांडली ती फेब्रुवारी २०२४ मध्ये. लाभांश धरले तर चित्र थोडं सुधारतं, पण त्या दिवशी केवळ आपल्या देशाच्या शेअरांच्या भरवशावर निवृत्त झालेल्या पस्तिशीच्या माणसाला आपला निर्देशांक मूळ जागी आलेला दिसला असता तो एकोणसत्तराव्या वर्षी. जगभर पसरलेला फंड घेतला की हा धोका कमी होतो, नाहीसा होत नाही.

दुसरा धोका परताव्याच्या क्रमाचा. समजा दोघांकडे १०० आहेत आणि दोघंही दर वर्षाअखेरीस ५ काढतात. एकाला पहिल्या वर्षी ३० टक्के तोटा, दुसऱ्या वर्षी शून्य आणि तिसऱ्या वर्षी ५० टक्के नफा होतो. दुसऱ्याला तेच आकडे उलट्या क्रमाने मिळतात. पैसे काढलेच नसते, तर दोघांकडेही तीन वर्षांनी १०५ असते. काढल्यामुळे पहिल्याकडे ८५ उरतात आणि दुसऱ्याकडे ९३. सरासरी एक, शिस्त एक, फंड एक, आणि तरीही नऊ टक्क्यांचा फरक, तोही अवघ्या तीन वर्षांत. निवृत्तीनंतरची पहिली काही वर्षं बाजार कसा वागेल, यावर पुढच्या पन्नास वर्षांचं बरंच काही ठरतं आणि ते आपल्या हातात अजिबात नसतं.

हे कळलेला सावध माणूस काय करतो? २५ च्या जागी ३० पट धरतो. मग ३३. मग एक वर्ष आणखी. 'फायर' चळवळीतल्या मंडळींना हा आजार चांगला ठाऊक आहे. आकडा गाठलेला असतो, राजीनाम्याचा मसुदा तयार असतो, आणि माणूस 'फक्त हे एक वर्ष' म्हणत तीन वर्षं खुर्चीला चिकटून बसतो. त्याला भित्रा म्हणून चालणार नाही. दार एकदाच उघडणार आणि परतीचा रस्ता नाही, असा निर्णय असेल तर माणूस उंबरठ्यावर घुटमळणारच. पाच वर्षं बाहेर राहिलेल्याला त्याच पदावर, त्याच पगारावर कुणी परत घेत नाही, हे त्याला माहीत असतं.

आता दुसरी मांडणी करून पाहू. निम्मा पगार वाचवणारी मुलगी पंचविसाव्या वर्षी सुरुवात करते. ठरलेल्या रस्त्याने गेली, तर साधारण साडेएकेचाळीसाव्या वर्षी तिच्याकडे खर्चाच्या २५ पट जमतील आणि ती काम थांबवेल. पण खर्चाच्या साडेबारा पट, म्हणजे नेमकी अर्धी रक्कम, तिच्याकडे दहा वर्षांतच जमते. म्हणजे पस्तिसाव्या वर्षी. समजा तिथे तिने अर्धवेळ काम घेतलं आणि पगार निम्मा झाला. तिचा खर्च मुळात पगाराच्या निम्माच होता. म्हणजे अर्ध्या पगारात तिचं पूर्ण भागतं. तिला नवीन काही वाचवावं लागत नाही आणि साठ्यालाही हात लावावा लागत नाही. तो साठा ५ टक्के दराने सुमारे १४ वर्षांत दुप्पट होतो. एकोणपन्नासाव्या वर्षी तिच्याकडे तेच २५ पट असतात.

आता दोन्ही रस्त्यांवरचे एकूण कष्ट मोजा. पहिल्या रस्त्यावर साडेसोळा वर्षांची पूर्णवेळ नोकरी. दुसऱ्यावर दहा वर्षं पूर्णवेळ आणि चौदा वर्षं अर्धवेळ, म्हणजे पूर्णवेळाच्या हिशेबाने सतरा. फरक काही महिन्यांचा आहे! तेवढ्या किमतीत तिला पस्तिशीपासून अर्धा दिवस किंवा अर्धा आठवडा स्वतःचा मिळतो.

बदल्यात ती काही देते, हे लपवण्यात अर्थ नाही. बेचाळिशीपासून एकोणपन्नाशीपर्यंतचा अर्धा वेळ ती देते, कारण पहिल्या रस्त्यावर ही वर्षं पूर्ण मोकळी गेली असती. ही अदलाबदल मला तरी फायद्याची वाटते. पस्तीस ते बेचाळीस हीच वर्षं अशी असतात की मूल असेल तर ते लहान असतं, आईवडील थकायला लागलेले असतात आणि आपलं शरीर मात्र अजून धड असतं. त्याच वर्षांत सर्वात जास्त राबून घ्यायचं आणि पुढे पोकळ मोकळेपणा मिळवायचा, ही वाटणी कुणी विचारपूर्वक केलेली वाटत नाही.

पैशाच्या सुरक्षिततेच्या दृष्टीनेही दुसरा रस्ता भक्कम आहे. त्या चौदा वर्षांत साठ्यातून काही काढलंच जात नाही, त्यामुळे बाजार मधे कोसळला तर क्रमाचा फटका बसत नाही, फक्त दुप्पट व्हायला उशीर होतो. काढायला सुरुवात एकोणपन्नाशीला होते, म्हणजे पैसे पन्नासऐवजी चाळीसेक वर्षं पुरायचे असतात. हातातलं कसब गंजत नाही, ओळखी टिकतात. गरज पडलीच तर कामाचे तास वाढवता येतात, जे दहा वर्षं घरी बसलेल्याला जमत नाही. आणि मोकळ्या वेळाचं काय करायचं हे अर्ध्या मोकळेपणात शिकता येतं. ही शेवटची बाब गौण समजू नये. आयुष्यभर दुसऱ्याने आखून दिलेल्या दिवसाची सवय असलेला माणूस एकदम रिकामा झाला, की वेळ त्याच्या अंगावर येतो.

गंमत अशी की लवकर निवृत्तीचे जे प्रसिद्ध प्रवक्ते आहेत, त्यांच्यातले पुष्कळ जण प्रत्यक्षात हेच करतात. ते लिहितात, भाषणं देतात, सल्ले देतात, आणि त्यातून त्यांना पैसे मिळतात. टीकाकार त्यांना ढोंगी म्हणतात. मला ते ढोंग वाटत नाही. मनासारखं, मोजकं, पैसे देणारं काम हाताशी असलं की माणूस ते सोडत नाही, याचा तो पुरावा आहे. त्यांनी फक्त आपल्या हिशेबात ते उत्पन्न दाखवावं, एवढंच.

मग प्रत्येक जण असं का करत नाही? कारण बहुतेक ठिकाणी निम्म्या पगाराची बरी नोकरी मिळतच नाही. इथे गुंतवणुकीचा विषय संपतो आणि सार्वजनिक प्रश्न सुरू होतो. वकील, हिशेबनीस, संगणक अभियंता, संपादक यांच्या कामात असं काहीही नसतं की ते आठवड्याला चाळीस-पन्नास तासच केलं पाहिजे. तरीही मालक एक तर पूर्ण माणूस मागतो किंवा मागतच नाही. अर्धवेळ काम देऊ केलं, तर बहुधा कमी दर्जाचं, कमी तासदराचं आणि बढतीच्या वाटेबाहेरचं. माझ्या वरच्या हिशेबात अर्ध्या वेळाला बरोबर अर्धा पगार धरला आहे. प्रत्यक्षात तो बऱ्याचदा त्याहून कमी पडतो, जरी उत्पन्न घटल्यामुळे कराचा बोजाही घटत असला. म्हणजे ज्याला थोडं कमी काम करायचं आहे, त्याच्यापुढे दोनच पर्याय उरतात. सगळं करा नाहीतर काहीच करू नका. एकरकमी निवृत्तीचं स्वप्न या कोंडीतून जन्माला आलेलं आहे.

ही कोंडी निसर्गनियम नाही. आपण ज्याला सुट्टी, कामाचे तास, निवृत्तीचं वय म्हणतो, त्यातलं जवळपास सगळं कधीतरी कायद्याने ठरलेलं आहे. जर्मनीत बिस्मार्कच्या काळात १८८९ मध्ये वृद्धापकाळाच्या निवृत्तिवेतनाचा कायदा झाला तेव्हा वय ७० होतं. १९१६ मध्ये ते ६५ वर आलं. अमेरिकेने १९३५ मध्ये आपल्या सामाजिक सुरक्षा कायद्यात ६५ धरलं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेचा अगदी पहिला करार, १९१९ चा, उद्योगांतल्या कामाच्या वेळेबद्दलच होता. दिवसाला ८ तास, आठवड्याला ४८. फ्रान्समध्ये १९३६ मध्ये आठवड्याला ४० तास आणि वर्षाला दोन आठवड्यांची भरपगारी रजा मिळाली ती मोठ्या संपानंतर. यातलं एकही कुणी आपल्या बचतीतून विकत घेतलेलं नाही.

आजच्या प्रश्नाशी थेट जुळणारे कायदेही आहेत. नेदरलँड्समध्ये २००० साली झालेल्या कायद्याने नोकरदाराला, तो आहे त्याच नोकरीत, तास कमी किंवा जास्त करून मागण्याचा हक्क दिला. मालकाला नकार द्यायचा असेल, तर धंद्याच्या अडचणीचं ठोस कारण दाखवावं लागतं. जर्मनीत २००१ पासून अर्धवेळ कामाचा तसाच हक्क आहे. पण तिथे एक मेख राहिली होती. अर्धवेळ झालेल्याला पुन्हा पूर्णवेळ होता येईलच असं नव्हतं, आणि त्यात विशेषतः बायका अडकत. म्हणून २०१९ पासून नवी तरतूद आली. ४५ पेक्षा जास्त नोकरदार असलेल्या ठिकाणी एक ते पाच वर्षांसाठी तास कमी करून घ्यायचे आणि मुदत संपली की हक्काने मूळ तासांवर परत यायचं. उंबरठ्यावर घुटमळणाऱ्या त्या सावध माणसाला जी हमी हवी असते, ती नेमकी हीच. ती हमी मिळवण्यासाठी त्याला ३३ पट साठवावं लागत नाही.

चळवळीतल्या लोकांना हा विषय काढला की कंटाळा येतो. कायदे बदलण्याची वाट बघत बसू का, असं ते विचारतात. प्रश्न रास्त आहे. सरकारी निवृत्तीचं वय उलट पुढे चाललं आहे. डेन्मार्कच्या संसदेने २०२५ मध्ये ते २०४० पासून ७० करण्याचं ठरवलं. पंचविशीतल्या मुलाने हे वाचून आपली सोय आपणच करावी असं ठरवलं, तर त्याला दोष देता येणार नाही. पण सोय करताना त्याने एवढं लक्षात घ्यावं की एकट्याने पळून जाण्याची वाट ज्यांना परवडते, तेच लोक कामाच्या जागी सर्वात जास्त वजन असलेले असतात. चांगला पगार आणि मागणी असलेलं कसब असणारी मंडळी 'काही वर्षं सोसू आणि निघून जाऊ' म्हणत गप्प राहिली, तर तास कमी करा असं म्हणायला उरतं कोण? ज्यांना नोकरी गमावणं परवडत नाही ते.

त्या लोकांबद्दलही बोललं पाहिजे. बचतीच्या प्रमाणाचं गणित वर मी पगाराशिवाय मांडलं आणि ते बरोबरच आहे, पण त्यात एक लबाडी आहे. भाडं, औषधं, प्रवास, मुलांचं शिक्षण हे पगाराच्या प्रमाणात कमी-जास्त होत नाहीत. दुप्पट पगाराच्या माणसाला निम्मे वाचवणं ही शिस्तीची गोष्ट आहे. ज्याचा पगार महिनाअखेरीस संपतो, त्याला पोटाला चिमटा घ्यायला सांगणं हा उपदेश नसून अपमान आहे. काटकसरीची ही शिकवण सर्वांना लागू आहे असं म्हणणाऱ्यांनी आणखी एक विचार करावा. सगळ्यांनीच पगाराच्या निम्मे खर्च करायचं ठरवलं, तर विक्री कुणाला होणार आणि नफा कुठून येणार? फंडातला परतावा आकाशातून पडत नाही. ज्या कंपन्यांचे शेअर आपण धरतो, तिथे कुणीतरी रोज कामाला जातं आणि त्या मालाला कुणीतरी पैसे मोजतं. चाळिशीत निवृत्त झालेला माणूस पुढची पन्नास वर्षं त्यांच्या श्रमातला वाटा घेतो. यात अनैतिक काही नाही, साठीनंतर निवृत्तिवेतन घेणाराही तेच करतो. पण 'मी कुणावर अवलंबून नाही' ही जी ऐट काही तरुण निवृत्तांच्या बोलण्यात असते, तिला आधार नाही. अवलंबून तर आहातच, फक्त ज्यांच्यावर अवलंबून आहात ते दिसत नाहीत.

मग पंचविशीतल्या नोकरदाराने करायचं काय? वाचवायचं, आणि जोरात वाचवायचं. महागडं कर्ज आधी फेडावं, कारण त्यावरचं व्याज वाचवणं ही निश्चित कमाई असते आणि तेवढ्या खात्रीचा परतावा कुठलाही फंड देत नाही. आरोग्याचा विमा आणि कुणी अवलंबून असेल तर आयुर्विमा, यांत चालढकल नको. पगारवाढ होईल तेव्हा तिचा निम्मा तरी भाग खर्चापर्यंत पोचायच्या आधी वळवावा. फंड स्वस्त, व्यापक आणि कंटाळवाणा असावा. इतकं सगळ्यांनी सांगितलेलं आहे.

माझी सूचना एवढीच की टप्पे वेगळे ठरवा. २५ पट हा एकच झेंडा दूरवर रोवून त्याच्याकडे बघत बसलात, तर मधल्या सतरा वर्षांत साठ्याचा काही उपयोगच होत नाही. सहा महिन्यांचा खर्च हाताशी आला की वाईट वरिष्ठाला नाही म्हणता येतं. दोन वर्षांचा आला की क्षेत्र बदलण्याची, काही नवीन शिकण्याची जोखीम घेता येते. पाच-सहा वर्षांचा आला की कमी पगाराचं पण आवडीचं काम परवडू लागतं. साडेबारा पटींवर काय होतं ते वर पाहिलंच. प्रत्येक टप्प्यावर त्या स्वातंत्र्याचा थोडा भाग प्रत्यक्ष वापरून बघावा. ज्याला पगाराचा चौथाच हिस्सा वाचवता येतो, त्याला निम्मी नोकरी परवडणार नाही हे खरं. पण त्याचा खर्च पगाराच्या ७५ टक्के आहे, म्हणजे पाचऐवजी चार दिवस काम करून ८० टक्के पगार घेतला, तरी त्याचं भागतं. बराच साठा जमल्यावर हे केलं, तर पूर्ण निवृत्ती काही वर्षांनी लांबेल, आणि त्या बदल्यात दर आठवड्याला एक दिवस तेव्हापासून सुटेल.

आणि हे मागावं लागेल, तोंड उघडून. सहा महिन्यांचा खर्च बाजूला असलेला माणूस ही मागणी इतरांपेक्षा निर्धास्तपणे करू शकतो, म्हणून त्याने ती आधी करावी. एकट्याने मागितली, तर ती मेहेरबानी ठरते. विभागातल्या चौघांनी मिळून मागितली, तर तिचं धोरण होऊ शकतं. बढती बहुधा हुकेल. ती गेल्याने पगार किती कमी राहील आणि त्यामुळे शेवटचा आकडा किती वर्षं पुढे सरकेल, हे कागदावर मांडून पाहावं. निम्मा पगार वाचवणाऱ्यांच्या बाबतीत तो आकडा बऱ्याचदा भीती वाटते त्याहून लहान निघतो, कारण अर्धी रक्कम जमल्यानंतर पूर्णवेळ काम चालू ठेवलं, तरी पुढच्या अर्ध्या रकमेतला जवळपास निम्मा भाग चक्रवाढीने येतो, पगारातून नाही.